सामन्याआधी राष्ट्रगीत: कुठे हवं, कुठे नको?

तिसरा पंच
बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय. दोन देशांचे संघ रांगेत उभे राहतात, राष्ट्रगीत सुरू होतं, आणि घरी टीव्हीसमोर बसलेला मीसुद्धा नकळत उभा राहतो. हे कधीही बंद होऊ नये असं मला मनापासून वाटतं. पण क्लब आणि लीगच्या सामन्यांचं काय? संघ कुणातरी मालकाचा, खेळाडू करारावर घेतलेले, दोन्ही बाजूंना चार-चार देशांची माणसं. तिथे रोज संध्याकाळी राष्ट्रगीत वाजवून नेमकं काय साधतं?

अमेरिकेत ही प्रथा कशी पडली ते बघा. ५ सप्टेंबर १९१८, शिकागो, बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना. पहिलं महायुद्ध चालू होतं. सातव्या डावाच्या मधल्या विश्रांतीत बँडने 'द स्टार स्पँगल्ड बॅनर' वाजवलं. नौदलातून रजेवर आलेला बॉस्टनचा फ्रेड थॉमस जागच्या जागी सलामी देऊन उभा राहिला, बाकीचे खेळाडू उभे राहिले आणि बघता बघता प्रेक्षक गाऊ लागले. तेव्हा ते त्यांचं अधिकृत राष्ट्रगीतही नव्हतं, तो दर्जा १९३१ साली मिळाला. दुसऱ्या महायुद्धात ते प्रत्येक सामन्याआधी वाजायला लागलं, आणि युद्ध संपलं तरी चालूच राहिलं. म्हणजे सुरुवात झाली ती आपसूक, कुणीही न सांगता. आज तिचा रोजचा कार्यक्रम झाला आहे.

माझं मत पक्कं आहे: देश खेळत असेल तिथेच राष्ट्रगीत. दुसरा प्रश्न असा, की एखाद्या देशातल्या लोकांना आपलं राष्ट्रगीत आपलं वाटत नसेल तर ते बदलावं का? त्यावर तुमचं ऐकायचंय.

डावखुरा
शंभर टक्के सहमत. रोज वाजलं की लोक त्याच वेळात आपली सीट शोधत फिरतात, फोनवर बोलतात. बघवत नाही ते.

सूरपेटी
तिपं, मैदानातलं गाणं अमेरिकेच्याही आधीचं आहे. १६ डिसेंबर १९०५, कार्डिफ, वेल्स विरुद्ध न्यूझीलंड, रग्बी. न्यूझीलंडचा संघ त्या दौऱ्यात एकही सामना हरला नव्हता. त्यांनी सामन्याआधी हाका, म्हणजे त्यांचं माओरी पद्धतीचं नृत्य, केलं. त्याला उत्तर म्हणून वेल्सच्या टेडी मॉर्गनने 'हेन व्लाड वी नाडाय' हे वेल्सचं राष्ट्रगीत सुरू केलं, संघाने साथ दिली आणि मग अख्खं मैदान गाऊ लागलं. वेल्स ३-० जिंकलं. न्यूझीलंडचा त्या दौऱ्यातला तो एकमेव पराभव.

आता मुद्दा असा, की वेल्स तेव्हाही स्वतंत्र राष्ट्र नव्हतं आणि आजही नाही. तुमच्या नियमात ते बसतं का? आयर्लंडच्या रग्बी संघात आयर्लंड प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड दोन्हीकडचे खेळाडू असतात. एका बाजूचं राष्ट्रगीत लावलं तर दुसऱ्या बाजूला ते परकं. म्हणून १९९५ साली खास 'आयर्लंड्स कॉल' हे गाणं तयार करून घेतलं. ते कुठल्याच देशाचं राष्ट्रगीत नाही, तरी खेळाडू गळा काढून गातात. तेव्हा 'देश खेळत असेल तिथे' ही रेघ वाटते तितकी सरळ नाही.

तिसरा पंच
सूरपेटी, बसतं की. वेल्सचा संघ वेल्सच्या लोकांचा आहे, कुणा मालकाचा नाही. मला सरकारी दर्ज्याशी घेणं नाही, आपण कुणाच्या वतीने खेळतोय त्याच्याशी आहे.

मुक्ता_क
मला तर आंतरराष्ट्रीय सामन्यातही त्याची सक्ती डाचते. खेळाडू खेळायला आलाय. त्याच्या देशप्रेमाची जाहीर तपासणी कशासाठी?

१९६८ चं मेक्सिको ऑलिम्पिक आठवा. २०० मीटरमध्ये टॉमी स्मिथला सुवर्ण, जॉन कार्लोसला कांस्य. राष्ट्रगीत चालू असताना दोघांनी मान खाली घालून काळा हातमोजा घातलेली मूठ वर केली. आपल्या देशात काळ्या माणसांचं काय चाललंय ते त्यांना सांगायचं होतं. दोघांना संघातून काढून परत पाठवलं. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या ऑस्ट्रेलियाच्या पीटर नॉर्मनने छातीवर त्यांच्याच चळवळीचा बिल्ला लावला होता. २०१६ साली अमेरिकन फुटबॉलपटू कॉलिन केपर्निक याच कारणासाठी राष्ट्रगीताला आधी बाकावर बसून राहिला, मग एका माजी सैनिकाशी बोलून त्याने गुडघ्यावर बसायचं ठरवलं, कारण त्यात अनादर नव्हता. त्या मोसमानंतर त्याला एकाही संघाने घेतलं नाही.

आणि इराण! २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध अकराही खेळाडू राष्ट्रगीताला गप्प उभे राहिले. त्यांच्या देशात बायका आणि तरुण रस्त्यावर उतरले होते. पुढच्याच सामन्यात ते गायले. त्या चार दिवसांत त्यांच्यावर काय दडपण आलं असेल? आपण टीव्हीवर त्यांच्या ओठांची हालचाल तपासत बसलो होतो, याची मला फार चीड येते.

शिट्टी
मुक्ता, पण तुझी सगळी उदाहरणं उलट बाजूनेच बोलतात. राष्ट्रगीत होतं म्हणूनच त्यांना निषेधाची जागा मिळाली. ते नसतं तर स्मिथ आणि कार्लोस आज कुणाला आठवले असते?

मुक्ता_क
मेडल जिंकल्यावर माणसाला निषेधासाठी दोन मिनिटं चोरून घ्यावी लागतात, हे राष्ट्रगीताच्या बाजूचं कारण कसं होईल, शिट्टी? मला नाही पटत.

वकीलीणबाई
सक्तीचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडची कायदेशीर बाजू मांडते, कारण यावर फार गैरसमज आहेत.

१९७१ च्या राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंधक कायद्यात राष्ट्रगीत म्हणण्यापासून कुणाला जाणूनबुजून रोखणं किंवा ते म्हणणाऱ्या समुदायात गोंधळ घालणं हा गुन्हा आहे. न गाणं हा गुन्हा नाही. १९८६ साली बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. केरळमधली तीन शाळकरी भावंडं, धर्माने यहोवाचे साक्षीदार. राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहायची, पण गायची नाहीत. शाळेने काढून टाकलं. न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. नंतर नोव्हेंबर २०१६ मध्ये सिनेमागृहांत राष्ट्रगीत सक्तीचं झालं आणि जानेवारी २०१८ मध्ये न्यायालयाने स्वतःच ती सक्ती उठवली.

माझं वैयक्तिक मत: उभं राहावं. ५२ सेकंदांचं गीत आहे. पण शेजारी बसून राहिलेल्या माणसाची कॉलर धरायचा हक्क आपल्याला कुणीही दिलेला नाही. तो माणूस अपंग आहे, आजारी आहे की त्याची श्रद्धा वेगळी आहे, हे आपल्याला मागच्या रांगेतून दिसत नाही.

डावखुरा
बाई, शेवटचा परिच्छेद प्रत्येक मैदानाच्या दारावर लावायला हवा.

बाकावरचा राखीव
मी ज्युनिअर गटात देशाकडून फुटबॉल खेळलो आहे, म्हणून रांगेत उभं राहिल्यावर प्रत्यक्ष काय होतं ते सांगतो.

वॉर्मअप संपला की आत जाऊन जर्सी बदलायची आणि बोगद्यात दोन्ही संघ शेजारी शेजारी उभे. तिथे कुणी कुणाकडे बघत नाही. सिमेंटवर स्टडची टकटक, आणि कुणीतरी उगाच लेस पुन्हा बांधत असतो. बाहेर आलो की एकदम उजेड आणि आवाज. गीत सुरू झालं की शेजाऱ्याचा खांद्यावरचा हात घट्ट होतो, तो पुढच्या नव्वद मिनिटांत पुन्हा तसा कधीच पडत नाही. आमचा उजवा बॅक डोळे मिटून खच्चून गायचा. गोलकीपर ओठ आवळून झेंड्याकडे बघत राहायचा, एक शब्द उच्चारायचा नाही. एकदा विचारलं तर म्हणाला, गायलो की रडू फुटतं, आणि भरल्या डोळ्यांनी पहिला क्रॉस कसा पकडू? दोघांपैकी अमक्याचं प्रेम कमी असं म्हणायची आमच्यात कुणाची छाती नव्हती.

म्हणून जर्मनीचा मेसुत ओझिल गात नाही, फ्रान्सचा करीम बेन्झेमा गात नाही, अशी ओरड झाली की मला वाईट वाटतं. ओझिलने सांगितलं होतं की तो त्या वेळात प्रार्थना करतो. स्पेनच्या राष्ट्रगीताला तर अधिकृत शब्दच नाहीत. २०१० चा विश्वचषक जिंकणारा अख्खा संघ प्रत्येक सामन्याआधी तोंड मिटून उभा होता. त्यांचं काय करायचं?

मुक्ताताई, सक्ती नको हे मान्य. पण ते काढून टाकू नका. तो एक मिनिट आमचा होता.

मुक्ता_क
राखीव, हे वाचून थांबले जरा. काढून टाका असं मी म्हणणार नाही. खेळाडूंच्या चेहऱ्यावरून सरकत जाणारा कॅमेरा तेवढा बंद करा. गाणारा गाईल, गप्प राहणारा गप्प राहील, आणि दुसऱ्या दिवशी कुणाला जाब द्यावा लागणार नाही.

पाचवी गल्ली
वाचतोय. उत्तम चर्चा.

साउंडचेक
माझं काम स्पर्धांमध्ये ध्वनियंत्रणा सांभाळायचं. राष्ट्रगीताची फाइल वाजवतानाचा ताण कुठल्याही मैफलीत येत नाही. चांगल्या स्पर्धेत पद्धत अशी: दोन्ही संघांच्या व्यवस्थापकांना आदल्या दिवशी बोलावून हेडफोनवर फाइल पूर्ण ऐकवायची, झेंडा दाखवायचा आणि त्यांची सही घ्यायची. मग ती फाइल वेगळी ठेवायची, नावात देश आणि तारीख. बाकीची गाणी त्या यंत्रावर ठेवायचीच नाहीत. ऐन वेळी इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलवर तर अजिबात विसंबायचं नाही.

फुटबॉलमध्ये राष्ट्रगीत दीड मिनिटाच्या आत बसवायचं असतं. उरुग्वेचं पूर्ण गीत पाच मिनिटांच्या आसपास जातं, म्हणजे कापावंच लागतं, आणि कुठे कापायचं हे त्या देशाच्या माणसाला विचारूनच ठरवायचं. २०१४ च्या विश्वचषकात ब्राझीलच्या सामन्यांना काय व्हायचं आठवतंय? ठरलेल्या वेळेला संगीत बंद व्हायचं आणि खेळाडू, प्रेक्षक पुढचं कडवं वाद्यांशिवाय तसंच पुढे म्हणायचे. ते ऐकून आमच्या धंद्यातली माणसं हात जोडतात.

डावखुरा
साउंडचेक, आणि ही काळजी घेतली नाही तर काय होतं? २०१२ साली कुवेतमध्ये नेमबाजी स्पर्धेत कझाकस्तानच्या सुवर्णविजेतीसाठी राष्ट्रगीताऐवजी 'बोरात' या विनोदी चित्रपटातलं विडंबन लागलं! ती बिचारी शेवटपर्यंत शांत उभी राहिली. २०१६ च्या कोपा अमेरिकामध्ये उरुग्वेचे खेळाडू रांगेत आणि कानावर चिलीचं राष्ट्रगीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये लाहोरला चॅम्पियन्स करंडकात इंग्लंड-ऑस्ट्रेलिया सामन्याआधी क्षणभर चक्क 'जन गण मन' वाजलं. भारताचा संघ त्या स्पर्धेसाठी पाकिस्तानात गेलेलाच नव्हता :)

शिट्टी
लाहोरची क्लिप मी पुन्हा पुन्हा पाहिली. स्टँडमधून जो आवाज उठतो ना, त्यात राग कमी आणि हसू जास्त होतं.

जुनी वही
तिपंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही, म्हणून मी वळते. राष्ट्रगीत बदलणं हे आपल्याला वाटतं तितकं अघटित नाही, आणि बऱ्याचदा त्या बदलाची ठिणगी खेळाच्या मैदानावरच पडते.

न्यूझीलंडचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं. १९९९ च्या रग्बी विश्वचषकात ट्विकनहॅमला इंग्लंडविरुद्धच्या सामन्याआधी हिनेवेही मोही या गायिकेने राष्ट्रगीत फक्त माओरी भाषेत गायलं. देशात गदारोळ झाला. पण तिथून पुढे आधी माओरी आणि मग इंग्रजी अशी रीतच पडली, आणि आज सगळे खेळाडू दोन्ही म्हणतात. शब्द बदलले नाहीत, चाल बदलली नाही. घरातल्या ज्या माणसाला इतकी वर्षं बाहेर उभं केलं होतं त्याला आत घेतलं.

दक्षिण आफ्रिकेने १९९७ मध्ये दोन गीतं जोडली. लढ्यातलं 'नकोसी सिकेलेल इ-आफ्रिका' आणि वर्णद्वेषी राजवटीचं 'दी स्टेम'. एकाच गीतात पाच भाषा. ज्यांनी छळलं त्यांच्या गीताच्या ओळी ठेवायला केवढं मोठं मन लागलं असेल. ऑस्ट्रेलियाने 'गॉड सेव्ह द क्वीन' सोडून १९८४ मध्ये स्वतःचं गीत घेतलं, आणि १ जानेवारी २०२१ पासून त्यातला 'तरुण' हा उल्लेख काढला, कारण तिथल्या मूळ रहिवाशांची संस्कृती हजारो वर्षांची आहे. कॅनडाने २०१८ मध्ये फक्त मुलग्यांना उद्देशून असलेली ओळ सगळ्यांसाठी केली. नेपाळने राजाची स्तुती सोडून २००७ मध्ये 'सयौं थुँगा फूलका' स्वीकारलं. शेकडो फुलांची एक माळ, राजाचं नावही नाही.

पण वरून लादलेला बदल कसा बोचतो तेही बघा. श्रीलंकेच्या गीताची सुरुवात अपशकुनी आहे असा गवगवा झाला आणि १९६१ मध्ये ती बदलली गेली. कवी आनंद समरकोन यांचा त्याला विरोध होता. पुढच्याच वर्षी ते गेले. माझं मत: लोकांच्या मागणीतून बदल झाला तर तो टिकतो, शुभ-अशुभ किंवा सत्ताधाऱ्यांच्या आवडीने झाला तर जखम राहते.

सूरपेटी
जुनी वही, फार सुंदर लिहिलंत. त्याला एक संगीताची बाजू जोडते. अमेरिकेच्या गीताचा आवाका जवळपास दीड सप्तकाचा आहे, चाल मुळात लंडनमधल्या एका क्लबच्या गाण्याची. सामान्य माणसाला वरच्या स्वरापर्यंत पोचताच येत नाही, म्हणून तिथे मैदानात बहुतेक वेळा एक गायक गातो आणि बाकीचे ऐकतात. मला हे खटकतं. ज्या गीतात हजारो माणसांना सूर लावता येत नाही ते मैदानात अपुरंच पडतं. बदलायचंच झालं तर आधी हे तपासा.

स्पेनच्या ऑलिम्पिक समितीने २००८ मध्ये त्यांच्या धुनेसाठी शब्द मागवले, निवडले, आणि एवढी टीका झाली की काही दिवसांतच मागे घेतले. शब्द नसणं हीच तिथल्या वेगवेगळ्या प्रदेशांना सोयीची गोष्ट आहे. लोक 'लो लो लो' करून गातात आणि कुणी दुखावत नाही.

सातासमुद्रापार
कुणी अफगाणिस्तानचा विषय काढला नाही अजून. तिथे २०२१ मध्ये तालिबान आले, झेंडा बदलला. पण क्रिकेट संघ मैदानावर अजूनही जुन्या प्रजासत्ताकाच्या काळ्या-लाल-हिरव्या झेंड्याखाली उभा राहतो आणि जुनंच राष्ट्रगीत वाजतं. ज्या राज्याचं ते गीत होतं ते राज्यच आता नाही. मैदानाबाहेर ते कुठे वाजणार? स्टँडमधले निर्वासित अफगाण ज्या पद्धतीने ते गातात ते मी प्रत्यक्ष पाहिलंय. माझ्या पुढच्या रांगेतला एक वयस्कर माणूस गीत संपल्यावरही झेंड्याचं टोक दोन्ही हातांनी धरून उभा होता, मुलगा त्याला खाली बसवत होता. राष्ट्रगीत खेळातून काढा म्हणणाऱ्यांनी या माणसाला काय सांगायचं ते मला सांगावं.

उलट बाजूही आहे. डोपिंग प्रकरणानंतर टोकियो ऑलिम्पिकमध्ये रशियाच्या खेळाडूंना आपलं राष्ट्रगीत मिळालं नाही, त्याऐवजी चायकोव्हस्कीच्या पियानो कॉन्चेर्टोचा तुकडा वाजला. हे गीत हिरावून घेणं शिक्षा ठरते, यातच त्याचं मोल आलं.

शिट्टी
आणि दुसऱ्याच्या राष्ट्रगीताला हुर्यो करणाऱ्यांचं काय? ऑक्टोबर २००१, पॅरिस, फ्रान्स-अल्जीरिया. 'मार्सेयेज' वाजताना शिट्ट्या. फ्रान्सने नंतर कायदा करून दंड ठेवला. दंडाने प्रेम येत नाही, पण त्या दिवशी खेळाडू म्हणून उभा असतो तर मला तरी ते सहन झालं नसतं.

तिसरा पंच
सगळं वाचलं. माझ्या मूळ मुद्द्यावर परत येतो, कारण सातासमुद्रापारांच्या प्रतिसादाने तो माझ्यासाठी आणखी पक्का झाला. ज्याचं मोल एवढं आहे ते रोज संध्याकाळी जाहिरातींच्या मधल्या फटीत नको.

अमेरिकेतलंच ताजं उदाहरण. बास्केटबॉलमधल्या डॅलस मॅव्हरिक्स संघाने २०२०-२१ च्या मोसमात घरच्या सामन्यांआधी राष्ट्रगीत वाजवणं थांबवलं. कित्येक सामने ते बाहेर कुणाच्या फारसं लक्षातही आलं नाही. फेब्रुवारीत बातमी फुटली, वाद पेटला आणि लीगने सगळ्या संघांना ते वाजवणं भाग पाडलं. न वाजलेलं कळत नाही, इतकं ते गुळगुळीत झालं होतं. याहून वाईट काय असू शकतं?

बाकावरचा राखीव
तिपं, एका गोष्टीचा विचार करा. प्रो कबड्डीत लढतींआधी राष्ट्रगीत होतं. तिथे खेळणाऱ्या किती मुलांना देशाच्या संघात जागा मिळेल? हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या. बाकीच्यांना राष्ट्रगीतासाठी मैदानावर रांगेत उभं राहायचा मान फक्त तिथेच मिळतो. गावाकडून आलेला, गुडघ्याला पट्टी बांधलेला रेडर ताठ उभा असतो तेव्हा त्याच्या डोक्यात मालक आणि जाहिरात नसते. तुमचा नियम त्याचा तो मान काढून घेतो.

तिसरा पंच
राखीव, हा मुद्दा मला आतपर्यंत लागला, आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. तरी रोज नको हे मी सोडत नाही. लीगच्या मोसमात एकदा, पहिल्या दिवशी, सगळ्या संघांचे सगळे खेळाडू एकत्र उभे करा. रेकॉर्डिंग लावू नका, मैदानातल्या लोकांनी गावं.

मुक्ता_क
आणि कॅमेरा लांबून. मग माझी हरकत नाही.

साउंडचेक
एक व्यावहारिक अडचण. सुरुवातीचा सूर कुणीतरी द्यावाच लागेल, नाहीतर एक स्टँड पुढे आणि एक मागे. मोठ्या मैदानात आवाज समोरच्या टोकाला पोचायलाच अर्धा सेकंद लागतो.

सूरपेटी
चारही बाजूंना एक-एक ट्रम्पेटवाला उभा करा, चौघांनी एकाच हाताकडे बघून पहिली ओळ वाजवायची आणि थांबायचं. पट्टी खालची ठेवा, म्हणजे म्हाताऱ्यांनाही गाता येईल.